सव्वा सूत

करार कोइमतूरहून आला, एकोणीस पानी.
उद्यमनगरात, दोन लेथांच्या मधल्या टेबलावर
मी तो मराठीत उतरवायला बसले.
पानाला चाळीस रुपये, चहा वेगळा.

परवाना देणारा. परवाना घेणारा.
अण्णाप्पा मगदूम म्हणाले,
"म्हंजे सावकार आणि कूळ म्हण की."
तसं लिहिता येत नाही, मी म्हटलं.
"लिवू नको. पर मला वाचून दावताना तसंच वाच."

वस्तू: गुऱ्हाळाच्या चुलवाणाची बिडाची जाळी,
फटी तिरक्या.
चिपाड कमी जळतं, काहील लवकर उकळते.
एवढंच त्यांनी बावीस ओळींत सांगितलंय,
उकळणं हा शब्द एकदाही न वापरता.

नगामागे एकशेऐंशी रुपये स्वामित्वधन.
अण्णाप्पांनी शब्द तोंडात घोळवला,
पंगतीत वाढलेल्या अनोळखी पदार्थासारखा.
"रॉयल्टीच लिही बाई."

मग कलम तीन, प्रदेश.
कोल्हापूर, सांगली, सातारा.
निपाणी नाही.
दूधगंगेच्या पुलापर्यंत जाळी आमची,
पलीकडं बेळगावच्या कुणा दुसऱ्याची.
ऊस दोन्हीकडं त्याच पाण्यावर पोसलेला,
त्याला कुणी प्रदेश विचारला नाही.
"निपाणीत थोरली बहीण दिलीय माझी.
तिच्या गुऱ्हाळाला एक जाळी भेट दिली तर?"
मी उपकलमं चाळली.
विक्री होती, भाडं होतं, निर्यात होती.
भेट नव्हती.

आकृती तिसरी उघडली
तेव्हा रसूल मिस्त्री पॅटर्नच्या खोलीतून पाणी प्यायला आले होते.
तांब्या हातात तसाच.
"ह्यो कोन माझा हाय."

लेथ चालूच होती.

एकोणनव्वद साली, सागाच्या फळीत कापलेला.
ओतलेल्या दोन जाळ्या गोणपाटात गुंडाळून
ट्रकनं गेल्या दक्षिणेकडं,
कुठं, ते ट्रकवाल्याला ठाऊक.
पावती नाही. फळी वाळवीनं खाल्ली.
अण्णाप्पांचा पोरगा मोबाईल काढून म्हणाला,
दावा लावू, वकील आहे ओळखीचा.
मिस्त्रींनी तांब्या खाली ठेवला.
"मी तरी कुठं काढला?
उस्तादानं हुबळीला बघितलावता, रेल्वेच्या वर्कशॉपात,
विलायती इंजनाच्या भट्टीत.
त्याच्या म्होरचं जाळाला इचारा."

मंगळवारी सह्या झाल्या. पाचशेचा स्टॅम्प.
पैसे तिकडं गेले, आकृत्या इकडं राहिल्या,
आणि पहिल्या ओतकामात
शिरोलीत अकरा जाळ्या तडकल्या.

कलम नऊ, तांत्रिक साहाय्य:
मुरुगेसन नावाचा तरुण तीन दिवसांसाठी आला.
पहिल्या दिवशी त्यानं वाळू तपासली.
दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळूच तपासली.
तिसऱ्या दिवशी तो येऊन बसला
मिस्त्रींच्या स्टुलाशेजारी, भुशात,
काही न बोलता, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.

बीड निवताना आकसतं,
म्हणून लाकडी साचा मुळातच थोरला करायचा,
फुटामागं एक सूत. हे कुणालाही माहीत.
"पर ह्या जाळीच्या पट्ट्या पातळ,
कोन तिरका, बीड आपलं शिरोलीचं.
हिला सव्वा सूत लागतंय."
मिस्त्री बोलता बोलता थांबले,
माझ्याकडं वळले.
"ताई, त्ये चौदावं कलम काय हुतं?"

परवाना घेणाऱ्याने केलेली प्रत्येक सुधारणा
ही परवाना देणाऱ्याची मालमत्ता राहील.
मीच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात, पान सोळा.

"मग सव्वा सूत म्हंजे सुधारणा का ओ?"

मुरुगेसननं मला इंग्रजीत विचारलं,
काय म्हणतायत ते?
लिहिण्याचा दर ठरला होता माझा.
बोललेल्याचा नव्हता.

चहा घेणार का विचारतायत, मी म्हटलं.

घेईन की, तो म्हणाला, गुळाचा असला तर.
आणि नजर हलवली नाही त्यानं
मिस्त्रींच्या हातातल्या पट्टीवरून.